सोडून दिलेलं पाणी

उंद्री, ता. चिखली
२ मार्च २०२५

मयुरीस जयभीम.

'सप्रेम' लिहायचं विसरले नाही, टाळलं आहे. माझा नंबर तू ब्लॉक करून ठेवलास आणि तुझ्या वडिलांच्या फोनवर केला तर 'ते वावरात गेली' असं उत्तर मिळतं. इतकी वावरात जाणारी तू कधीपासून झालीस? शेवटी पोस्टातून पाकीट आणलं. तिथला बाबू विचारतो, बाई, कोर्टाचं काही आहे का? सुनेला साधं पत्र लिहायचं तर गावात ही आपली अब्रू.

प्रसेनजितनं मला जपानला बोलावलं आहे. पंधरा तारखेला निघते. म्हणतो, आई, जन्मभर लोकांची बाळंतपणं केलीस, आता चार दिवस पाय पसरून बस. समुद्रकाठी जुन्या जपानी पद्धतीचं एक हॉटेल आहे, तिथं जमिनीतून निघणाऱ्या गरम पाण्याचे हौद आहेत. ज्यानं त्यानं आपली पाळी लावायची आणि दार बंद करून एकट्यानं बसायचं. माझ्या गुडघ्यांना आराम पडेल असं त्याचं म्हणणं आहे.

हो, तेच हॉटेल. त्याच्या साहेबांच्या बायकोचं माहेर. गेल्या साली साहेबांनी तुम्हा दोघांना मानानं तिथं नेलं, आणि तू कशावरून तरी रुसून हौदाचं बूच काढलंस आणि सगळं पाणी सोडून दिलंस. दुसऱ्याच्या घरी पाहुणी गेलेली बाई असं करते? आणि वर आठ दिवसांत बॅग भरून वडनेरला माहेरी येऊन बसलीस. माझ्या पोरानं तिथं मान खाली घालून नोकरी टिकवली. आता मला घेऊन तो तिथंच जाणार आहे, म्हणजे आमचं घर कसं आहे ते त्या लोकांना दिसेल.

त्या दिवशी तू फोनवर जे काही बोललीस ते मी कोणाला सांगितलं नाही. रागाच्या भरात माणूस काहीही बोलतो, म्हणून मनावरही घेतलं नाही. हा माझा मोठेपणा समज.

परत आले की मी वडनेरला येते. तुझ्या वडिलांनी, गुलाबरावांनी, मला शब्द दिला आहे, कलाबाई म्हणतील तसं करू. भीमजयंती झाली की तुला जपानला पाठवायचं असं आमचं ठरलं आहे. तुझ्याबद्दल बोलून बोलून मला वीट आला आहे, पण घर मोडू द्यायचं नाही म्हणून एवढं लिहिलं.

कलाबाई


समुद्रकाठचं हॉटेल, जपान
२० मार्च २०२५, सकाळ

मयुरी,

खोलीत बुटक्या टेबलावर यांचेच कागद आणि पाकिटं ठेवलेली आहेत. प्रसेनजित खाली गेला आहे आणि मला बोलायला कोणी नाही, म्हणून लिहायला घेतलं.

काल संध्याकाळच्या जेवणाचंच आधी सांगते. ताट म्हणशील तर देखणं. इवल्याइवल्या वाट्या, त्यात मासा कच्चा, आणि त्याचं डोकं शेजारी सजवून ठेवलेलं. ते एक वेळ चाललं असतं. पण एक शिंपल्यातला जीव असतो, तळहाताएवढा. तो जिवंतच तुमच्यासमोरच्या छोट्या शेगडीवर ठेवतात. तो वळवळतो. वरून लोणी सोडतात, तरी वळवळतो. थांबला की खायचा. तुला माहीत आहे, मी सारी नोकरी आरोग्य सेविका म्हणून काढली. किडे पडलेला पाय चिमट्यानं साफ केला आणि घरी येऊन पोटभर भाकर खाल्ली. घाणीची मला कधी किळस आली नाही. हे तर घाण नव्हतंच, लखलखीत होतं, आणि मला ओकारी आली.

मी तोंडाला पदर लावला. प्रसेनजित माझ्याकडं बघून हसला आणि हसता हसताच हळू म्हणाला, "चेहरा नीट कर, आई. मालकीण बघतेय."

मी केला नीट.

इथं आल्यापासून हेच चाललंय. इकडं येताना गाडीत त्यानं मला वाकायला शिकवलं. पाठ सरळ, हात मांडीवर, नजर खाली. तीनदा करून घेतलं. समोरची म्हातारी बघत होती, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोठ्यानं हसायचं नाही, ढेकर द्यायची नाही, कोणाला हात लावून बोलायचं नाही. संडासाच्या चपला वेगळ्या असतात, त्याच घालून मी खोलीत आले तर त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं घरात कोणी गेलं. आंघोळीनंतर घालायचा सुती झगा देतात. मी उजवी बाजू वर घेतली तर धावत येऊन सोडवला. तशी फक्त मेलेल्याला घालतात म्हणे. मी गमतीनं म्हटलं, "मंग राहू दे बापा, पुढच्या कामाले येईन." तो हसला नाही. मालकीण खोलीत नव्हती ना.

हे मात्र मी इथं आल्यावर पाहिलं. त्याचं हसू माणसं बघून लागतं आणि माणसं बघून विझतं. पुण्याला शिकायला गेला तेव्हा त्यानं आपली बोली टाकली, मी म्हटलं जाऊ दे, पोरं टाकतात. आता काय टाकलंय ते मला नीट सांगता येत नाही.

तरी काळजी घेतो. विमानतळावर माझा हात सोडला नाही. थंडीचे कपडे आणून ठेवले होते, संत्री सोलून देतो. हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तुझ्या डोळ्यांना त्याचं चांगलं कधी दिसलं नाही.

समुद्र चांगला आहे. एवढं पाणी बघून आधी उंद्रीच्या नळाची आठवण झाली, मार्चमध्ये किती दिवसांआड येतो ते तुला माहीतच आहे. उद्या सकाळी माझी हौदाची पाळी लावली आहे.

कलाबाई


तेच हॉटेल
२१ मार्च २०२५, दुपार

मयुरी,

आज सकाळी झालं ते जसंच्या तसं लिहिते. नंतर लिहीन म्हटलं तर मी त्यात चार गोष्टी झाकीन.

हौदाच्या खोलीबाहेर लाकडाची पाटी असते, ती उलटी केली की आत कोणी आहे असं समजतात. प्रसेनजितनं सांगून ठेवलं होतं की आधी बाहेर पाटावर बसून साबणानं अंग धुवायचं, स्वच्छ झालं की मग हौदात उतरायचं, आत साबण न्यायचा नाही. एवढंच सांगितलं. मी तसंच केलं. हौद लाकडी आहे, एका बाजूनं उघडा, समोर समुद्र. लाकडी पन्हळीतून गरम पाण्याची करंगळीएवढी धार पडत असते. पाण्याला गंजलेल्या लोखंडासारखा वास आहे. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. गुडघ्यांतली कळ थांबली. मी डोळे मिटून बसले आणि तुझ्यावरही राग आला नाही, इतकं बरं वाटलं.

मग बाहेर आले आणि पाण्याकडं बघितलं. माझे दोन पांढरे केस तरंगत होते. दुपारी दुसऱ्या कोणाची पाळी असणार. माझ्या अंगावरून उतरलेल्या पाण्यात दुसऱ्या माणसानं बसायचं? आपल्याकडं पाहुणासुद्धा बादलीत उरलेलं पाणी मोरीत ओतून, बादली विसळून पालथी घालतो. आणि आपल्या लोकांनी पाण्यावरून काय काय ऐकलंय ते तुला सांगायला नको. माझ्या सासूबाई विहिरीपासून लांब उभ्या राहायच्या, कोणी वरून ओतलं तर पाणी मिळायचं. म्हणून मी कुठंही गेले तरी मोरी घासून निघते. हिच्यामुळं पाणी खराब झालं असं म्हणायला कोणाला जागा ठेवायची नाही, हे माझं आयुष्यभराचं व्रत आहे.

तळाशी बूच होतं, साखळी होती. ओढलं. सगळं पाणी गेल्यावर टॉवेलनं आतून लाकूड पुसून घेतलं आणि समाधानानं बाहेर आले.

कामाची पोरगी आत गेली आणि तोंडावर हात दाबून पळत सुटली. तो हौद त्या करंगळीएवढ्या धारेनं भरतो, मयुरी. भरायला दिवस जातो. इथं अंग धुऊनच आत उतरतात, म्हणून ते पाणी कोणाला उष्टं वाटत नाही. आज दिवसभर ज्यांच्या पाळ्या होत्या त्या सगळ्यांची आंघोळ मी बुडवली होती. चांगुलपणा करायला गेले होते.

मालकीण आली. झगे घातलेली दोन जोडपी येऊन उभी राहिली. प्रसेनजित आला आणि त्याचं ते हसू लागलेलं होतं. मला म्हणाला, "आई, खाली बस. गुडघ्यांवर. कपाळ टेक."

मी म्हटलं, "काऊन? सांग ना त्याईले, बाई धुवून ठेवत होती म्हणा. चोरी नाई केली मी."

"काय सांगायचं ते मी बघतो. तू टेक."

आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते. सगळे बघत होते, मी टेकलं. माझे गुडघे कसे आहेत ते तुला माहीत आहे, तू तेल लावून दिलंयस. तो मालकिणीशी बराच वेळ बोलला आणि शेवटी स्वतःच हसला. ती हसली नाही. ती माझ्यासमोर खाली बसली, तिनंही हात जमिनीला लावले आणि मग माझ्या कोपरांना धरून मला उठवलं.

खोलीत आल्यावर मी विचारलं, काय सांगितलंस त्यांना? त्यानं लपवलंसुद्धा नाही. "सांगितलं की आमच्या गावाकडं पाणीच नसतं, लोक आंघोळ करत नाहीत, म्हणून यांना कळत नाही. असं सांगितलं की ते हसून सोडून देतात. मागच्या वेळीही हेच सांगितलं होतं." मग म्हणाला, "तुम्ही दोघी सारख्याच गावंढळ."

मागच्या वेळी, म्हणजे तुझ्या वेळी. तू रुसून पाणी सोडलं नव्हतंस. तूही हौद धुऊन ठेवायला गेली होतीस, माझ्या घरात माझ्याच हाताखाली शिकलीस तसंच. मला हे आधी कळायला हवं होतं, कारण मोरी घासल्याशिवाय तू कधी बाहेर आली नाहीस.

त्याचं शी-शू मी काढलं. गोवरात अंगाला कडुनिंबाचा पाला लावत बसले. त्याच्या कशाचीही मला कधी घाण वाटली नाही. आज तो माझ्यासमोर बसून संत्रं सोलत होता आणि त्याची ती स्वच्छ, कापलेली नखं बघून मला शिसारी आली. ती फोड माझ्याच्यानं खाल्ली गेली नाही.

दुपारी तो साहेबांच्या मेव्हण्याबरोबर बाहेर गेला, गोड बोलायला. मालकीण चहा घेऊन आली. तिच्या फोनमध्ये ती बोलायची आणि फोन मला हिंदीत सांगायचा. तिनं विचारलं, तुमची सून आता कशी आहे? म्हणाली, गेल्या वर्षी तुमच्या मुलानं तिला सगळ्यांसमोर असंच बसवलं आणि साहेबांच्या गाडीत बसून निघून गेला. ती एकटीच राहिली. तिला इथली भाषा येत नव्हती, पैसे जवळ नव्हते. आम्हीच तिकीट काढून तिला स्टेशनवर सोडलं. ती खूप रडत होती, म्हणून लक्षात राहिली.

मला हे कोणी सांगितलंच नव्हतं, मयुरी. सून बरी आहे असं त्या बाईला म्हटलं.

हे पत्र तीच पोस्टात टाकणार आहे.

कलाबाई


उंद्री
७ एप्रिल २०२५

मयुरी,

काल वडनेरला येऊन गेले. तू घरी नव्हतीस. तुला नांदुऱ्याला काकाकडं पाठवल्याचं कळलं, आणि मी येणार म्हणूनच पाठवलं असणार हेही कळलं. म्हणून हे पत्र काकाच्या पत्त्यावर टाकते आहे.

आधी प्रसेनजितचं. येताना गाडीत मी त्याला विचारलं, "मयुरीले तू तिथंच टाकून गेला होता का?" खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घरापासून दोन तासांचं अंतर आहे, आई. ती काय लहान आहे?" जपान सोडेपर्यंत त्याच्या हातचं पाणीसुद्धा मला गोड लागलं नाही.

गुलाबरावांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, सासूच म्हणते पोरगी पाठवू नका, म्हटल्यावर बाप सुटकेचा श्वास सोडेल. त्यांनी सुपारी कातरत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "कलाबाई, जपान पाहून आल्या अन् सूनच नकोशी झाली का तुमाले? दुसरी पाह्यली का पोराले?"

मी माझे गुडघे सांगितले. माझ्या वयाच्या बाईनं परक्या पुरुषासमोर हे सांगायचं म्हणजे काय असतं. सगळ्यांदेखत पोटच्या पोरानं मला जमिनीवर बसवलं असं मी माझ्या तोंडानं बोलले. तर म्हणतात, "नवऱ्यापुढं वाकली त झिजते काय पोरगी?"

ऐकून माझ्या घशाशी आलं. हे तुझे वडील. नंतर तुझ्या आईनं चहा देताना हळूच सांगितलं, प्रसेनजितनं तुझ्या भावाला, धम्मरत्नाला, तिकडं नोकरीला लावायचं कबूल केलं आहे. म्हणजे तुला पाठवायचं आणि त्याची सोय करून घ्यायची. मी तो चहा तसाच ठेवून उठले. तुझ्या आईला वाईट वाटलं असेल, तिला सांग की राग तिच्यावर नव्हता.

घरी पोचले तर प्रसेनजितचा फोन. तिचे बाबा पाठवताहेत तिला, तू मध्ये पडू नकोस, तुझं वय झालंय. एवढं बोलून तब्येत विचारली, गोळ्या वेळेवर घे म्हणाला. त्या गोळ्यांचाच मला जास्त राग आला.

आता नीट वाच. जयंतीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या दारात मुंबईच्या विमानतळावर नेणारी गाडी येणार आहे. त्यात बसू नकोस. माझी ही पत्रं वाटेल त्याला वाचून दाखव, माझी अब्रू राखायची गरज नाही. नांदुऱ्याहून जी मिळेल ती एसटी धर आणि उंद्रीला ये. घर माझ्या नावावर आहे, पेन्शन माझी आहे. सून म्हणून येऊ नकोस, नुसती ये. आपण दोघींनी जे सोसलं ते आपल्या दोघींनाच कळणार. मला तुझ्याशिवाय हे बोलायला कोणी नाही.

तुझी,
कलाबाई


अकोला
१७ एप्रिल २०२५

आत्याबाई, जयभीम.

तुमची सगळी पत्रं मिळाली. जपानहून आलेलंही मिळालं.

जयंतीला मला वडनेरला परत आणलं, आणि त्या संध्याकाळी मी तिथल्या विहारात बायकांसमोर तुमचं ते हौदाचं पत्र मोठ्यानं वाचलं. बाबा बाहेर पुरुषांत बसले होते, त्यांना ऐकू जात होतं. पत्र संपल्यावर माझी मावशी, अंबूबाई, उठली आणि बाहेर जाऊन बाबांना म्हणाली, "भाऊजी, सासूनं स्वतः लिवलं हाय. आता गाडी बलावली त मी रस्त्यात आडवी पडीन." बाबांनी त्याच रात्री गाडी नको म्हणून कळवलं. मी मावशीसोबत अकोल्याला आले. माझं फार्मसीचं शिक्षण आहे, इथं एका औषधाच्या दुकानात काम मिळालं आहे. तुमचं पत्र नसतं तर मी आज तिकडं असते. हे मी कधी नाकारणार नाही.

पण उंद्रीला येणार नाही.

'नवऱ्यापुढं वाकली त झिजते काय पोरगी', बाबांच्या या एका वाक्यानं तुमच्या घशाशी आलं असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य बाबांचं नाही. गेल्या साली मी परत आले तेव्हा तुम्हीच ते त्यांना फोनवर म्हणाला होतात, आणि परवा त्यांनी ते तुम्हाला परत ऐकवलं. त्याआधी तुम्ही ते मला म्हणाला होतात.

आणि तुम्ही लिहिता, मला हे कोणी सांगितलंच नव्हतं. आत्याबाई, त्या बाईंनी मला स्टेशनवर सोडलं तेव्हा बाकावर बसून मी पहिला फोन तुम्हाला लावला. आईला नाही लावला. तुम्ही इतक्या बायकांच्या उशाशी बसलेल्या, तुम्हाला कळेल असं वाटलं. पाण्याचं, गुडघ्यांचं, तो सोडून गेल्याचं, सगळं सांगितलं. तुम्ही ते वाक्य बोललात आणि फोन ठेवलात.

गाडीला वेळ होता, म्हणून मी पुन्हा लावला. तुम्ही उचलला नाही.

मयुरी